ताई, तुम्ही आधी शांत व्हा

२८ जून २०१८, देहरादून. उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री त्रिवेंद्रसिंह रावत यांचा जनता दरबार भरलाय, लोक अर्ज घेऊन एकेक करून पुढे येतायत, आणि त्यात एक प्राथमिक शिक्षिका उभ्या राहतात. पंचवीसेक वर्षं उत्तरकाशीच्या दुर्गम भागात नोकरी झालेली, मुलं देहरादूनला, म्हणून बदली पाहिजे. मुख्यमंत्री विचारतात, नोकरी घेताना काय लिहून दिलं होतं? बाई ताडकन म्हणतात, जन्मभर वनवास भोगेन असं तर नव्हतं लिहून दिलं. झालं. तिथून पुढे बदलीचा विषय संपला आणि बाई कशा बोलतायत हा विषय सुरू झाला. नीट बोला नाहीतर इथल्या इथे सस्पेंड करीन अशी तंबी, त्यावर बाईंचा आवाज आणखी वर, मग सस्पेंड करा हिला, ताब्यात घ्या हिला. बाहेर काढत असताना बाईंनीही तोंड सोडलं, तेही कॅमेऱ्यात आलं. पुढे सोडून दिलं, पण निलंबन झालंच.

व्हिडिओ देशभर फिरला आणि चार दिवस लोक दोनच गोष्टींवर भांडले, मुख्यमंत्री एवढे का चिडले आणि बाई असं का बोलल्या. आता उत्तराखंडात सरकारी नोकरीची गावं ‘सुगम’ आणि ‘दुर्गम’ अशी विभागलेली असतात आणि दुर्गममध्ये कोणी किती वर्षं काढायची, कोणाची सुटका होते नि कोणाची नाही, बाईंचा मूळ प्रश्न हा होता. तो चर्चेत शोधावा लागत होता. बाईने जाब विचारला की उत्तर तिच्या मुद्द्याला मिळतं की तिच्या टोनला, हे आज बघायचंय.

हे भाजपचं झालं म्हणून लगेच कोणी टाळ्या पिटू नका, सहा-सात महिन्यांनी जानेवारी २०१९ मध्ये म्हैसूर जिल्ह्यात काँग्रेसचे सिद्धरामय्या, तेव्हा कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री, यांच्यासमोर एक बाई तक्रार मांडायला उभी राहिली. तक्रार अशी की तुमचे आमदार चिरंजीव भेटतच नाहीत. बोलता बोलता तिने टेबलावर हात आपटला, ते भडकले, हातातला माईक हिसकावून घ्यायला गेले आणि माईकबरोबर तिचा दुपट्टाही ओढला गेला. त्यांनी तो अपघात होता असं सांगितलं, ते सोडून देऊ. मला जास्त लक्षात राहिलं ते तिचं नंतरचं बोलणं. ती पत्रकारांना म्हणाली की ते चांगले मुख्यमंत्री होते, मीच नीट वागले नाही, माजी मुख्यमंत्र्यांशी असं बोलायचं नसतं, मी टेबल आपटलं म्हणून त्यांना राग आला. म्हणजे माईक गेला तिचा आणि टोनबद्दल माफीवजा खुलासाही तिचाच.

आता प्रामाणिकपणे विचारायचं तर या दोन व्हिडिओंवरून हा लिंगभेद आहे असं सिद्ध होतं का? नाही होत. त्या दरबारात एखादे गुरुजी तसंच बोलले असते तर त्यांनाही सस्पेंड केलं असतं की, कोण सांगणार. सत्तेवर बसलेल्या माणसाला उलट बोललेलं कोणाचंच चालत नाही, बाप्याचंही नाही. एकाच घटनेचे दोन अवतार, एकात बाई आणि एकात पुरुष, बाकी सगळं अक्षर न् अक्षर सारखं, असं प्रत्यक्षात कधी घडत नाही. म्हणून मग मानसशास्त्रवाले ते प्रयोगशाळेत घडवतात, आणि तिथे जे दिसतं ते फार मजेशीर आहे, म्हणजे मजेशीर म्हणवत नाही पण तरी.

सगळ्यात चोख प्रयोग मला २०१५ चा वाटतो, जेसिका सॅलर्नो आणि लियाना पीटर-हेगन यांचा. अमेरिकेत ज्युरी असते, बारा सामान्य माणसं बसून दोषी की निर्दोष ठरवतात. यांनी २१० कॉलेजच्या मुलामुलींना एका खऱ्या खून खटल्यातला मजकूर आणि फोटो दाखवले, बायकोचा गळा चिरल्याचा आरोप असलेल्या नवऱ्याचा खटला. निकाल ठरवा आणि तुमची किती खात्री आहे तेही सांगा. मग कॉम्प्युटरवर चॅट, आणखी पाच ज्युरर आहेत असं सांगून. प्रत्यक्षात ते पाचही खोटे, त्यांचे मेसेज आधीच लिहून ठेवलेले. चौघं तुमच्याशी सहमत आणि एकटा पठ्ठ्या विरोधात. हा जो एकटा विरोधात बोलतोय त्याचं नाव काहींना पुरुषाचं दिसायचं, काहींना बाईचं. त्याचे युक्तिवाद सारखेच, फक्त कधी ते शांतपणे लिहिलेले, कधी भीतीच्या सुरात आणि कधी सरळ रागाने, मला या गोष्टीचा संताप येतोय वगैरे.

निकाल असा की पुरुषाच्या नावाने राग आला तेव्हा लोक स्वतःच्या मताबद्दल डळमळले, अरे एवढा चिडलाय म्हणजे काहीतरी असेल. आणि बाईच्या नावाने तोच राग, तीच वाक्यं आली तेव्हा लोकांची स्वतःच्या मतावरची खात्री उलट वाढली. तिचं पटलं नाही एवढ्यावर थांबलं नाही, ती चिडली म्हणून आपलंच बरोबर असं वाटायला लागलं.

यात एक बारकावा आहे तो सोडू नका. हे सगळं टाईप केलेलं होतं. आवाज नव्हताच. कर्कश, किंचाळणं, आदळआपट, चेहरा, काहीही नाही. स्क्रीनवर अक्षरं आणि वर एक नाव. म्हणजे ‘तुमचा मुद्दा बरोबर आहे हो, पण टोन चुकला’ असं आपण म्हणतो तेव्हा निदान काही वेळा तरी तो टोन समोरून आलेला नसतो, आपणच तो लावलेला असतो.

लावतो म्हणजे कसा, त्यावर एक जुना प्रयोग आहे १९७६ चा, जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांचा. नऊ महिन्यांच्या बाळाचा व्हिडिओ. बाळासमोर झाकण उघडून बाहुला टपकन वर येणारी डबी ठेवतात, बाळ दचकतं, रडतं. ज्यांना सांगितलं हा मुलगा आहे त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ज्यांना सांगितलं ही मुलगी आहे त्यांना भीती. बाळ एकच, व्हिडिओ एकच. नऊ महिन्यांचं लेकरू, त्याला अजून स्वतःलाच माहीत नाही आपण कोण.

आणि मोठ्यांचं बघायचं तर २००९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि एलिझा ब्लिस-मोरो यांनी चिडलेले, रडवेले असे चेहरे दाखवले आणि प्रत्येकाखाली कारणही लिहून दिलं, की बाबा या माणसाचं कोणाशी तरी भांडण झालंय, याला कोणीतरी ओरडलंय. कारण समोर छापलेलं असूनही लोकांनी बाईच्या चेहऱ्याला ‘ही भावनिक आहे’ असा शिक्का जास्त मारला आणि पुरुषाच्या चेहऱ्याला ‘याचा आज दिवस वाईट गेलाय’. पुरुषाचा राग बाहेरून आलेला, बाईचा राग तिच्या स्वभावातला. एकदा हे लक्षात आलं की राजकारण्यांच्या उत्तरांमधली अर्धी पद्धत उलगडते, कारण राग बाहेरून आलेला असेल तर ‘बाहेर काय झालं’ हे विचारणं भाग पडतं, आणि स्वभावातलाच असेल तर काहीच विचारायला नको, फक्त शांत करायचं. पाणी द्या कुणीतरी ताईंना.

ब्रिटनच्या संसदेत याचं अगदी पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण आहे. २७ एप्रिल २०११, पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा तास, विषय सरकारी आरोग्यसेवेतले बदल. डेव्हिड कॅमेरॉन आपल्या बाजूने एका डॉक्टरचा दाखला देतायत, हॉवर्ड स्टोट नावाचे, ते पूर्वी लेबर पक्षाचेच खासदार होते. कॅमेरॉन म्हणाले की ते निवडणूक हरले. समोरच्या बाकावरून लेबरच्या अँजेला ईगल ओरडल्या की हरले नाहीत, ते उभेच राहिले नव्हते. त्यावर कॅमेरॉन म्हणाले, ‘शांत हो गं बाई, शांत हो, डॉक्टर काय म्हणतात ते ऐक.’ हा तिकडच्या एका इन्शुरन्सच्या जाहिरातीतला गाजलेला डायलॉग होता, त्यामुळे मागची बाकं खो खो हसली. त्याच वर्षी नंतर त्यांनी एका मुलाखतीत त्याबद्दल खेदही व्यक्त केला. पण गंमत बघा, ईगल बाईंची दुरुस्ती बरोबर होती! तो डॉक्टर खरंच उभा राहिला नव्हता. देशाचा पंतप्रधान सभागृहात चुकीची माहिती देतोय आणि बातमी कसली झाली तर शांत हो गं बाईची. आज पंधरा वर्षांनंतरही ते वाक्य लोकांना आठवतं, स्टोट कोणालाही आठवत नाही.

बरं, नुसतं ‘शांत व्हा’ म्हणण्याने खरंच काही फरक पडतो का, की आपण उगाच राईचा पर्वत करतोय? हेही तपासून झालंय. २०२२ मध्ये टेरेसा फ्रास्का आणि सहकाऱ्यांनी वादाचे प्रसंग लिहून लोकांना वाचायला दिले. काहींमध्ये वाद घालणाऱ्याला समोरचा म्हणतो, शांत हो, काहींमध्ये असं कोणी म्हणत नाही. वाद घालणारी बाई असेल आणि तिला शांत हो म्हटलं गेलं असेल तर वाचणाऱ्यांना तिचा मुद्दाच कमी ग्राह्य वाटला. पुरुषाला तेच म्हटलं तर त्याच्या मुद्द्याला धक्का लागला नाही. म्हणजे ती खरंच चिडली होती का नव्हती हा प्रश्नच नाही, कोणीतरी तिला चिडलीये म्हटलं एवढं पुरलं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात उपयोगाचा शोध हा आहे, कारण नेत्याला इथे शिवी द्यावी लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही, उलट तो जितका गोड आणि संथ बोलेल तितकं काम चोख होतं.

आता आवाजाचंही बोलू, कारण टोन म्हटलं की लोक आवाजच धरतात आणि त्यात थोडं भौतिकशास्त्र आहे. नेहमीच्या बोलण्यात पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं साधारण सेकंदाला १२० च्या आसपास, बाईची २०० च्या आसपास, व्यक्तीप्रमाणे मागेपुढे. स्वरतंतू लहान आणि पातळ म्हणून कंपनं जास्त. आता मोठ्याने बोलायचं म्हणजे फुप्फुसातून हवेचा दाब वाढवायचा, तंतू ताणले जातात आणि आवाज मोठा होतो त्याबरोबर वरच्या पट्टीतही जातो, हे दोघांनाही लागू. पण पुरुष ओरडून जिथे पोचतो तिथे बाई साधं बोलत असते, त्यामुळे ती ओरडली की आणखी वर. शिवाय जोरात बोलताना आवाजातली शक्ती वरच्या कंपनांकडे सरकते, साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट असतो, म्हणून ते टोचतं. त्यात आपल्याकडे सभेला भोंगे, ते खालचे स्वर जवळजवळ गाळूनच टाकतात, कोणीही बोला पत्र्यावर खडे टाकल्यासारखंच ऐकू येणार.

आणि गोंगाट असेल तर? १९११ मध्ये एत्येन लोम्बार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की आजूबाजूला आवाज वाढला की माणूस आपोआप, न ठरवता, मोठ्याने बोलायला लागतो, त्याला आजही लोम्बार परिणाम म्हणतात. लोकलमध्ये फोनवर बोलणाऱ्या कोणाकडेही बघा. तर आता सभागृह डोळ्यांसमोर आणा. एक बाई प्रश्न विचारायला उभी राहते, समोरची बाकं ओरडायला लागतात, तिचं शरीर आवाज आणि पट्टी दोन्ही वर नेतं, आणि मग ज्यांनी गोंगाट केला तेच म्हणतात, ओरडू नका. टीव्हीच्या पॅनेल चर्चेत तर हे रोज रात्री ९ वाजता फुकट बघायला मिळतं, सहा चौकटी, सहाही बोलतायत, आणि अँकर नेमका एकीलाच म्हणतो मॅडम आवाज कमी करा.

खालच्या पट्टीचा फायदा खरा आहे हेही सांगितलं पाहिजे. २०१२ मध्ये केसी क्लोफस्टाड आणि सहकाऱ्यांनी एकच वाक्य, ‘येत्या नोव्हेंबरात मला मत द्या’ अशा अर्थाचं, वेगवेगळ्या लोकांकडून रेकॉर्ड करून घेतलं, मग प्रत्येक आवाज थोडा खाली आणि थोडा वर करून ऐकवला. लोकांनी मत दिलं खालच्या पट्टीला, बाईच्या बाबतीतही आणि पुरुषाच्याही. मार्गारेट थॅचर यांनी आवाज खाली आणायला रीतसर शिकवणी लावली होती ते उगाच नाही.

इथपर्यंत टीका करणाऱ्या बायका झाल्या. आता उलटी बाजू, टीका बाईवर झाली आणि उत्तर तिने द्यायचंय. २००८ मध्ये व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांनी नोकरीच्या मुलाखतीचे व्हिडिओ बनवले, नट-नटी एकच गोष्ट सांगतात, सहकारी उशिरा आला आणि आमचं काम हातचं गेलं, मला राग आला, किंवा मला वाईट वाटलं. चिडलेल्या पुरुषाला लोकांनी वर्षाला जवळपास ३८ हजार डॉलर पगार देऊ केला, चिडलेल्या बाईला साडेतेवीस हजारांच्या आसपास. तिचं पद मोठं सांगितलं तरी फार फरक नाही पडला. थोडा फरक पडला तो तिने रागाचं कारण बाहेरचं आहे हे स्पष्ट बोलून दाखवलं तेव्हा. पुरुषाला हा खुलासा करावा लागत नाही.

राजकारणातलं बघायचं तर जर्मनी. अँगेला मर्केल यांच्या २००५ ते २०१७ मधल्या चार निवडणुकांच्या टीव्ही वादविवादांचे पूर्ण व्हिडिओ घेऊन बुसालिस, कोअन, होलमन आणि म्युलर या चौघांनी २०२१ मध्ये पेपर काढला. कॉम्प्युटरने चेहऱ्यावरचे भाव, आवाजाची पट्टी आणि शब्द तिन्ही मोजलं, आणि त्या वेळी थेट बघणारे प्रेक्षक क्षणाक्षणाला बटण दाबून जी पसंती-नापसंती नोंदवत होते ती शेजारी ठेवली. मर्केलबाई समोरच्या पुरुषांपेक्षा राग कमी दाखवायच्या. बाकी भावना त्यांच्याइतक्याच. आणि जेव्हा जेव्हा राग दिसला तेव्हा प्रेक्षकांनी त्यांचे मार्क कापले, हसल्या की वाढवले. म्हणजे त्या थंड डोक्याच्या म्हणून प्रसिद्ध होत्या त्यात स्वभाव किती आणि हिशोब किती कोण जाणे. अर्थात सगळा अभ्यास एका बाईभोवती फिरतोय, मर्केल म्हणजे सगळ्या बायका नव्हेत, एवढं मीठ तोंडी लावूनच हा निष्कर्ष घ्यावा.

आणि विरुद्ध पुरावाही आहे, तो लपवला तर मग आपल्यात आणि व्हॉट्सॅप युनिव्हर्सिटीत काय फरक. डेबोरा ब्रूक्स यांनी २०११ मध्ये काल्पनिक उमेदवारांच्या चिडण्याच्या आणि रडण्याच्या बातम्या लोकांना वाचायला दिल्या, तिथे बाईला वेगळी जास्त शिक्षा मिळाली असं दिसलं नाही, चिडणारा पुरुषही तितकाच आपटला. आणि सुझान श्वार्झ आणि अलेक्झांडर कॉपॉक यांनी ६७ प्रयोगांची बेरीज केली, त्यात नुसत्या कागदावरच्या माहितीवरून निवडायला सांगितलं तर बाई उमेदवाराला पुरुषापेक्षा सरासरी २ टक्के जास्तच पसंती होती. मग हे सगळं एकमेकांशी जुळवायचं कसं? मला जे दिसतं ते असं, की बाईला मत द्यायला लोकांची फारशी ना नाही. ती एकटी पडून विरोध करत असते, अडवून जाब विचारत असते, त्या क्षणाला सूर आडवा येतो. ज्युरीवाल्या प्रयोगातही ती एकटीच विरोधात होती हे विसरू नका. ही माझी जुळवाजुळव आहे, कोणी वेगळी लावली तरी चालेल.

आता विनोद. नेत्यांचं हे लाडकं हत्यार, कारण हसून उत्तर दिलं की पुढे कोणी चिडलं तर ‘अहो विनोद होता’ म्हणता येतं. ७ फेब्रुवारी २०१८ ला राज्यसभेत पंतप्रधान मोदी बोलत असताना, आधारची मूळ कल्पना १९९८ मध्ये वाजपेयी सरकारच्या काळातली असं ते म्हणाले तेव्हा काँग्रेसच्या रेणुका चौधरी मोठ्याने हसल्या. सभापती वेंकय्या नायडू त्यांना रागावले, काही त्रास असेल तर डॉक्टरकडे जा म्हणाले, आणि मोदी म्हणाले की सभापतीजी, रेणुकाजींना काही बोलू नका, रामायण मालिकेनंतर असं हसू ऐकायचं भाग्य आजच लाभलंय. बाकं दणाणली. रामायणातलं कोणाचं हसू ते सांगायची गरजच नव्हती. आता समोरच्याचं भाषण चालू असताना खदाखदा हसणं शिष्टाचारात बसतं का, नाही बसत, आणि आधारचं श्रेय कोणाचं हा वाद घालण्यासारखा होता, पण तो झाला नाही, हसण्यावरच गाडी अडकली.

अशा विनोदाचं पुढे काय होतं यावर थॉमस फोर्ड यांचं काम आहे. २००८ च्या एका प्रयोगात पुरुषांना बायकांची टिंगल करणारे विनोदी प्रसंग दाखवले, आणि नंतर वेगळंच काम म्हणून कॉलेजमधल्या संस्थांच्या बजेटला कात्री लावायला सांगितली. ज्यांच्या मनात बायकांबद्दल आधीच आकस होता त्यांनी ते प्रसंग बघून महिलांच्या संस्थेचे पैसे जास्त कापले. साधे विनोद बघितले असतील तर तसं नाही झालं. विनोदाने आकस निर्माण केला नाही, आत होताच, इथे तो चालतो एवढी परवानगी मिळाली. सभागृहातल्या मोठ्या खुर्चीवरून विनोद आला की खाली कार्यकर्त्यांच्या मोबाईलवर काय काय निघतं ते वेगळं सांगायला नको.

आणि गोड बोलण्याचंही काही स्वस्त नाही. पीटर ग्लिक आणि सुझान फिस्क यांनी १९९६ मध्ये लिंगभेदाचे दोन प्रकार वेगळे काढले, एक उघड वैराचा आणि एक मायेचा, म्हणजे ‘तुम्ही बायका किती नाजूक, कशाला या घाणीत पडता’ वाला. बेनुआ दार्दन यांनी बेल्जियममध्ये २००७ मध्ये बायकांना नोकरीच्या परीक्षेआधी यातलं एकेक ऐकवलं. उघड वैराने त्यांची कामगिरी फारशी नाही ढळली, मायेच्या बोलण्याने घसरली, कारण त्या डोक्यात तेच घोळवत बसल्या, हा चांगलं बोलला की वाईट, आपल्याला जमेल की नाही. शिवी कळते तरी. ‘ताई, तुम्ही फार मनावर घेता’ याचं काय करायचं ते कळत नाही.

महाराष्ट्रातलं सगळ्यांना आठवत असेल ते मे २०२२ चं. मध्य प्रदेशला स्थानिक निवडणुकांत ओबीसी आरक्षण मिळालं, आपल्याला का नाही, यावर सुप्रिया सुळे म्हणाल्या की तिथले मुख्यमंत्री दिल्लीत कोणाला तरी भेटले आणि दोन दिवसांत असं काय झालं माहीत नाही. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील त्यावर आंदोलनात म्हणाले, राजकारणात कशाला राहता, घरी जा, स्वयंपाक करा. गदारोळ झाला, ही ग्रामीण भागातली बोलायची पद्धत आहे असा खुलासा आला, मग महिला आयोगाकडे दिलगिरी. या सगळ्यात इम्पिरिकल डेटा, म्हणजे ओबीसींच्या मागासलेपणाची प्रत्यक्ष आकडेवारी, कोणी गोळा करायचा, ट्रिपल टेस्टमध्ये, म्हणजे सुप्रीम कोर्टाने या आरक्षणासाठी घातलेल्या तीन अटींमध्ये, महाराष्ट्र नेमका कुठे अडकला, हे आठवडाभर पोळपाट-लाटण्याखाली दबून गेलं. गंमत म्हणजे सुळेबाईंच्या त्या शंकेला खोडून काढायला पाटलांकडे चांगलं उत्तर असू शकलं असतं, डेटा वेळेत गोळा न करण्याची जबाबदारी कोणाची वगैरे. स्वयंपाकघर मध्ये आणून त्यांनी स्वतःचीही बाजू घालवली.

असं उघड काही बोललं की निदान पकडता तरी येतं. एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने हेमा मालिनींबद्दलच्या बोलण्यावरून काँग्रेसच्या रणदीप सुरजेवालांना ४८ तास प्रचारबंदी केली, त्याआधी काँग्रेसच्याच सुप्रिया श्रीनेत आणि भाजपचे दिलीप घोष यांना कानपिचक्या दिल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, त्यात ‘बायका अतिभावनिक असतात, त्यांना नीट विचार करून निर्णय घेता येत नाही’ हा समज चूक म्हणून नोंदवलाय. पण ‘शांत व्हा’ कुठल्या असंसदीय शब्दांच्या यादीत घालणार? सभापतींना तर ते दिवसातून दहादा म्हणावंच लागतं.

त्यामुळे शब्दांच्या मागे लागण्यापेक्षा बोलायची पाळी कशी ठरते तिकडे बघणारे लोक मला जास्त शहाणे वाटतात. टोन्या जेकोबी आणि डिलन श्वेअर्स यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावण्यांची टिपणं मोजली. २०१५ च्या सत्रात न्यायाधीशांना मध्येच तोडण्याचे जे प्रकार झाले त्यातले जवळपास ६६ टक्के तिघी बायकांच्या वाट्याला आले होते, देशाच्या सर्वोच्च न्यायाधीश बरं का, आणि तोडणाऱ्यांत समोर उभे असलेले वकीलही होते, ज्यांना न्यायाधीशांना तोडायची मुळात परवानगीच नसते. नव्या आल्या तेव्हा या बायका ‘माफ करा, मी एक विचारू का’ अशी सुरुवात करायच्या आणि नेमकी तीच फट धरून लोक मध्ये घुसायचे, मग वर्षं जातील तशी त्यांनी ती नम्र सुरुवातच सोडून दिली. म्हणजे टोन मऊ ठेवूनही भागलं नव्हतं. पुढे २०२० मध्ये कोविडमुळे सुनावण्या फोनवर आल्या तेव्हा एकेकाने पाळीपाळीने विचारायचं असं ठरलं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात कोर्ट परत प्रत्यक्ष भरलं तेव्हाही ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रश्नांची एक फेरी कायम ठेवली. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी त्याच महिन्यात एका कार्यक्रमात सांगितलं की हा बदल होण्यामागे त्या मोजणीचाही हात होता, आणि तेव्हापासून सहकारी मध्ये बोलले की सरन्यायाधीश त्याकडे जास्त लक्ष देतात.